बोटं पांढरी पडणाऱ्यांसाठी: वायूच्या स्नानाला पहिल्यांदा जाताना

मधली तीन बोटं मेणबत्तीसारखी पांढरी, आणि रंग जिथे संपतो तिथे पट्टीनं आखल्यासारखी रेघ. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी प्लझेन या चेक शहरातल्या एका दुकानात फ्रीझरमधून मटारची पिशवी काढत होते. पिशवी हातातून पडली ते कळलं, पण बोटांना कळलं नव्हतं. पाचेक मिनिटांनी ती निळी झाली, मग लालबुंद, आणि मग अशी ठणकायला लागली की डोळ्यांत पाणी आलं. मी निफाडकडची. डिसेंबरात थंडीनं द्राक्षं उकलू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवणाऱ्या गावात वाढले. थंडीला घाबरणारी नव्हे. पण ही थंडी नव्हती, रक्तवाहिन्यांची खोड होती.

त्यानंतर दोनदा मी चेक प्रजासत्ताकातल्या मारियान्स्के लाझ्ने या गावी कार्बन डायऑक्साइडचे उपचार घेतले. जर्मन लोक याच गावाला मारियेनबाड म्हणतात. ओळखीतल्या मराठी मंडळींकडून तेच ते प्रश्न येतात, म्हणून सगळं एकदाच क्रमानं लिहून ठेवते. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण माझे पहिल्या खेपेचे पैसे तिच्यापायी वाया गेले: हे उपचार मुळात हृदय आणि पाय डोळ्यांपुढे ठेवून बसवलेले आहेत. तुमचं दुखणं हातात असेल तर हात वायूत जाताहेत की नाही, हे तुम्हालाच बघावं लागतं.

पायरी १: आधी आजाराचं नाव ठरवा

या खोडीचं वर्णन मोरिस रेनो या फ्रेंच डॉक्टरनं १८६२ साली आपल्या प्रबंधात केलं. आपल्याकडचे डॉक्टर तिला ‘रेनॉड्स’ म्हणतात. थंडीनं किंवा मानसिक ताणानं बोटांच्या बारीक धमन्या आवळल्या जातात, रक्त थांबतं, बोट पांढरं पडतं. अडकलेल्या रक्तातला प्राणवायू संपला की निळं, आणि वाहिनी उघडली की लाल. बायकांमध्ये जास्त. बहुतेकींना पंधरा ते तीसच्या वयात सुरू होतं, दोन्ही हातांना सारखं होतं, अंगठा बऱ्याचदा सुटतो, आणि त्यामागे दुसरा काही आजार नसतो. हा झाला साधा प्रकार.

दुसरा प्रकार साधा नाही. चाळिशीनंतर पहिल्यांदा सुरू झालं, एकाच हाताला किंवा एकाच बोटाला होतंय, बोटाच्या टोकाला जखम झालीय, हाताची कातडी ताठ व्हायला लागलीय, सांधे दुखताहेत, यातलं काहीही असेल तर उपचार-गावाचा विचार बाजूला ठेवा आणि संधिवाततज्ज्ञाकडे जा. स्क्लेरोडर्मा, ल्युपस अशा आजारांची ही पहिली खूण असू शकते. डॉक्टर एएनए नावाची रक्ततपासणी सांगतील, आणि नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब टाकून भिंगाखाली केशवाहिन्या बघतील. ही दुसरी तपासणी अजिबात दुखत नाही आणि बरंच काही सांगून जाते. वर्षानुवर्षं ड्रिल, ग्राइंडर, ब्रेकर अशी कंप पावणारी हत्यारं चालवणाऱ्यांनाही पांढरी बोटं होतात, तेव्हा आपलं काम काय ते डॉक्टरांना आठवणीनं सांगा.

आपल्याकडच्या पुरुषांसाठी खास: विडी-सिगारेट ओढणाऱ्याची बोटं गार पडत असतील, चालताना पोटरी किंवा तळवा भरून येत असेल, तर ते रेनॉड्स नसून बर्जरचा आजार, म्हणजे तंबाखूमुळे हातापायांच्या रक्तवाहिन्या बंद पडत जाण्याचा आजार, असण्याची शक्यता असते. त्यावर पहिला उपचार म्हणजे तंबाखू पूर्ण बंद, आणि पूर्ण म्हणजे गुटखा आणि मशेरीसुद्धा. निकोटिन तोंडातून गेलं काय नि फुप्फुसातून, रक्तवाहिनी आवळतंच. सकाळी मशेरी लावून दुपारी वायूच्या स्नानाला बसणं म्हणजे एका हातानं नळ उघडायचा आणि दुसऱ्यानं बंद करायचा.

गोळ्यांची यादी करा. रक्तदाबासाठी किंवा अर्धशिशीसाठी दिलेले बीटा ब्लॉकर, अर्धशिशीच्या काही गोळ्या, सर्दीवरच्या नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या, यांनी बोटं जास्त पांढरी पडू शकतात. मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. कधीकधी नुसती गोळी बदलल्यावर अर्धं काम होतं आणि प्रवासाची गरजच उरत नाही.

आणि फोटो काढा. दवाखान्यात बोटं नेहमी गुलाबी असतात. दुखणं ऐन वेळी दडी मारून बसतं, म्हणून ते मोबाइलमध्ये पकडून न्यायचं.

पायरी २: वायू काय करतो ते समजून घ्या

कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो तसा चरबीतही विरघळतो, त्यामुळे कातडीतून सहज आत जातो. आत गेला की तिथल्या बारीक वाहिन्या सैल होतात. शरीराच्या हिशेबानं हा वायू म्हणजे ‘इथे काम चाललंय, रक्त पाठवा’ असा निरोप असतो. धावताना स्नायूंत तोच तयार होतो आणि तोच वाहिन्या उघडतो. शिवाय तो असला की हिमोग्लोबिन आपल्याकडचा प्राणवायू लवकर सोडतं. हे १९०४ साली डेन्मार्कच्या क्रिस्टियान बोर यांनी दाखवलं, अणूचा नमुना मांडणाऱ्या नील्स बोर यांचे वडील. काम झाल्यावर आत गेलेला वायू रक्तातून फुप्फुसात जातो आणि उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतो.

तिसरी गंमत थंडी वाजणाऱ्यांच्या कामाची आहे. हा वायू कातडीतल्या थंडी ओळखणाऱ्या टोकांना जरा गप्प करतो. म्हणून ३३ अंशांचं पाणी, जे एरवी कोमट-गार वाटेल, ते बुडबुड्यांचं असेल तर उबदार वाटतं.

आता अपेक्षेचं बोलू. उपचार चालू असताना आणि त्यानंतर काही काळ कातडीतलं रक्त वाढतं, हे डोळ्यांना दिसतं आणि मोजताही येतं. पण रेनॉड्ससाठी महिनोन्‌महिने टिकणारा फायदा सिद्ध करणारे मोठे अभ्यास नाहीत, जे आहेत ते छोटे आहेत. खोड मुळासकट जात नाही. डॉक्टरांनी निफेडिपिन किंवा ॲम्लोडिपिन अशी वाहिन्या सैल करणारी गोळी दिली असेल तर ती सोडून इकडे यायचं नाही. ही त्या गोळ्यांच्या जोडीला घ्यायची गोष्ट आहे. एवढं मान्य असेल तर पुढे वाचा.

पायरी ३: गाव निवडा

वायू जिथे जमिनीतून आपोआप येतो अशी गावं युरोपात बरीच आहेत. जुन्या ज्वालामुखींचा पट्टा असला की खोलवरून हा वायू भेगांमधून वर येत राहतो. जर्मनीत बाड नाउहाइम हृदयरुग्णांच्या बुडबुड्यांच्या स्नानांसाठी नावाजलेलं आहे. फ्रान्समध्ये क्लेरमाँ-फेराँला लागून र्वाया नावाचं गाव आहे, तिथे धमन्यांच्या दुखण्यांवर भर आहे आणि रेनॉड्सचे रुग्णही येतात. तिकडे हातांना वेगळा आणि पायांना वेगळा असा हा वायू देण्याची पद्धत रुजलेली आहे. फ्रेंच पद्धतीत उपचार १८ दिवसांचा, म्हणजे रविवार सोडून तीन आठवडे. फ्रान्समध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींनी आपल्या डॉक्टरकडून आधी चिठ्ठी घेऊन सरकारी विम्यातून किती परत मिळतं ते विचारावं.

रुमानियातल्या कोवास्नाचा प्रकार सगळ्यात निराळा. तिथे ‘मोफेता’ असते: पायऱ्यापायऱ्यांचा गोल खड्डा, लहानशा नाट्यगृहासारखा, आणि त्याच्या तळाशी न दिसणारा वायू साचलेला. हवेपेक्षा तो दीडपट जड, त्यामुळे हौदातल्या पाण्यासारखा तळाशी बसून राहतो. तुम्ही कपड्यांसकट पायऱ्या उतरून कमरेपर्यंत ‘बुडून’ उभे राहता. ज्योत खाली नेली की एका ठरावीक उंचीला ती पटकन विझते, तीच वायूची पातळी. हात खाली सोडून उभं राहिलं की हातांचं काम होतं. पण खाली वाकायचं नाही. मोबाइल पडला तर पडू द्या, तिथल्या माणसाला हाक मारा.

मी मारियान्स्के लाझ्ने निवडलं ते प्लझेनहून रेल्वेनं तासाभराच्या अंतरावर आहे म्हणून, उगाच मोठं कारण सांगत नाही. प्रागहून सुमारे अडीच-तीन तास. स्टेशन गावापासून लांब आहे, पण बाहेर पडल्यावर ट्रॉलीबस मिळते. गाव ६०० मीटरच्या आसपास उंचीवर, चहूकडे जंगल. गावात चाळीसच्या आसपास झरे आहेत, आणि मारियिन झऱ्यापाशी जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइड येतो, त्याला ते ‘मारियाचा वायू’ म्हणतात. १८१८ साली हे अधिकृत उपचार-गाव झालं. २०२१ पासून युनेस्कोच्या यादीत असलेल्या युरोपातल्या ११ उपचार-गावांत त्याचं नाव आहे, शेजारच्या कार्लोवी वारी आणि फ्रांतिश्कोवी लाझ्नेबरोबर.

‘मग आपलं वज्रेश्वरी काय वाईट?’ हे माझ्या मावशीनं विचारलं, आणि प्रश्न रास्त आहे. वज्रेश्वरी-गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, दापोलीकडचं उन्हवरे, नांदेडकडचं उनकेश्वर, नावातच ऊन घेऊन बसलेले आपले झरे गरम पाण्याचे आहेत. गरम पाण्यानं हात तेवढ्यापुरते मोकळे होतात, अंग हलकं होतं, देवदर्शन होतं. पण त्या पाण्यात हा वायू उपचाराला पुरेल इतका नसतो. दोन्ही चांगले, पण एक दुसऱ्याची जागा घेत नाही.

ऋतूचं म्हणाल तर हिवाळ्यात जाऊ नका. तिथे हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो. टबात मिळवलेलं हॉटेलच्या दारापर्यंत येता येता घालवून बसाल. मे ते सप्टेंबर बरा. माझं मत सप्टेंबरला, म्हणजे पुढच्या थंडीआधी.

पायरी ४: बुकिंग, आणि माझी फजिती

पहिल्या खेपेला मी एका हॉटेलचं आठवड्याचं पॅकेज घेतलं. नाव घेत नाही. कागदावर ‘१५ उपचार’ होते. गेल्यावर कळलं की त्यात वायूचे फक्त दोन. बाकीचे मालिश, चिखलाची पट्टी, मिठाच्या खोलीत बसणं, आणि मोजणी फुगवायला पाण्यातला व्यायाम. त्या दोनपैकी एकात मला पायांपासून काखेपर्यंत वायू सोडायच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलं आणि दोन्ही हात बाहेर ठेवायला सांगितलं. वीस मिनिटं माझे पाय गुलाबी होत होते आणि मी गार हात पोटावर ठेवून छताकडे बघत होते. तक्रार केली तर म्हणाले, पॅकेज असंच असतं.

म्हणून पैसे भरण्याआधी ईमेलवर हे लेखी विचारा. एकूण दिवसांत वायूचे उपचार नेमके किती? पाण्यातले किती, कोरडे (म्हणजे पिशवीत नुसता वायू सोडून दिलेले) किती? हातांसाठी वेगळी पिशवी किंवा हातांचं वेगळं स्नान आहे का? सुरुवातीची डॉक्टरांची तपासणी धरलेली आहे का? डॉक्टरांनी उपचार बदलला तर जास्तीचे पैसे पडतात का? उत्तर गोलमोल आलं तर दुसरं ठिकाण बघा. आठवड्याच्या पॅकेजमध्ये शरीराला सवय होईस्तोवर परतीची गाडी येते. जमत असेल तर तीन आठवडे, नाहीतर निदान दोन.

भारतातून येणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतो, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसांचा. त्यासाठी निदान ३०,००० युरोचा प्रवास-विमा सक्तीचा आहे. पण तो अचानक आलेल्या आजारपणासाठी असतो, ठरवून घेतलेल्या उपचारांचा खर्च त्यातून मिळेल असं धरून चालू नका. उपचारासाठी येत असाल तर अर्जात तसंच लिहा आणि हॉटेलचं उपचारांचं पत्र जोडा.

डॉक्टरांचे कागद इंग्रजीत घ्या: निदान, गोळ्यांची यादी, अलीकडचा ईसीजी, रक्ताचे अहवाल.

पायरी ५: कुणी जाऊ नये

हृदय नीट पंप करत नसेल, नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल, रक्तदाब काबूत नसेल, श्वसनाचा गंभीर आजार असेल, ताप किंवा ताजा संसर्ग असेल, पायात रक्ताची गुठळी असेल, कर्करोगाचे उपचार चालू असतील किंवा पोटात बाळ असेल, तर नको. बोटाला उघडी जखम असेल तर पाण्यातलं स्नान नको. कोरड्या वायूबद्दल डॉक्टर ठरवतील. आणि बोट तासन्‌तास पांढरं-निळं राहिलं किंवा टोक काळं पडायला लागलं, तर ती तातडीची बाब आहे, त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं.

पायरी ६: पहिला दिवस

पोचल्यावर डॉक्टर तपासतात. ही भेट उरकून टाकायची औपचारिकता समजू नका, सगळं इथे ठरतं. मी दुसऱ्या खेपेला मोबाइलमधले पांढऱ्या बोटांचे फोटो समोर धरले. डॉक्टरबाईंनी माझे दोन्ही हात हातात घेऊन उलटसुलट करून पाहिले, नखं दाबून रंग परत यायला किती वेळ लागतो ते बघितलं, आणि माझ्या कार्डावर छापलेल्या ओळीपुढे पेनानं ‘हात’ असं लिहून खाली रेघ मारली. त्या एका शब्दानं पुढचे तीन आठवडे बदलले.

मग वेळापत्रकाचं कार्ड मिळतं. ८.२० म्हणजे ८.२०. पाच मिनिटं उशीर झाला तर उपचार पाच मिनिटांनी कमी, पुढचा माणूस रांगेत असतो. कर्मचाऱ्यांना चेक आणि बहुतेकांना जर्मन येतं, इंग्रजीचं नशिबावर. एक वाक्य पाठ करून जा: ‘रुत्से दोव्नित्र्श, प्रोसीम’, म्हणजे हात आत, कृपया. मी म्हटलं की सगळ्या हसायच्या, पण हात आत घ्यायच्या.

झऱ्याचं पाणी पिण्याबद्दल एवढंच: चोचीच्या कपातून घोट घोट पीत कोलोनेडखाली, म्हणजे खांबांच्या लांब ओसरीत, फिरायला मजा येते, पण क्रिझोवी झऱ्याच्या पाण्यात पोट साफ करणारा क्षार आहे. उत्साहात तीन कप रिचवून टबात बसायला जाऊ नका.

पायरी ७: बुडबुड्यांचा टब

अंगठ्या, बांगड्या, घड्याळ खोलीतच काढून ठेवा. लाल झालेली बोटं फुगतात आणि अंगठी अडकते. पोट रिकामंही नको आणि गच्च भरलेलंही नको.

पाणी ३३-३४ अंशांचं असतं. आत बसताना पहिलं मिनिट ‘अरे, हे तर गार आहे’ असं वाटेल. गरम पाणी मागू नका, पाणी तापवलं की वायू उडून जातो. हात पाण्याखाली घ्या आणि स्वस्थ बसा. अर्ध्या मिनिटात कातडीवर बारीक बुडबुडे जमायला लागतात, मनगटावरच्या लवेच्या प्रत्येक केसाला एकेक मोती लटकल्यासारखे. गोटी सोड्याच्या बाटलीत बोट घातलंय असं वाटतं. नवखा माणूस इथे एक चूक हमखास करतो: हात चोळतो, पाणी हलवतो, बुडबुडे पुसतो. पुसू नका. वायूचा तो थर कातडीला चिकटून आहे तोवरच काम चालू आहे.

दुसरी चूक म्हणजे हात टबाच्या कडेवर टाकून आरामात रेलणं. त्याबद्दल वर पुरेसं बोलले.

पंधरा-वीस मिनिटांनी हात बाहेर काढाल तेव्हा पाण्याची पातळी जिथे होती तिथे दंडावर रेघ दिसेल, खाली गुलाबी, वर नेहमीचा रंग. फ्रीझरपुढे मला दिसली होती तशीच सरळ रेघ, पण रंग उलटे. मी पहिल्यांदा ती बघितली तेव्हा बाई टॉवेल घेऊन उभ्या होत्या आणि मी नुसती हातांकडे बघत बसले होते.

पूर्ण टबाऐवजी फक्त कोपरापर्यंतचं हातांचं स्नानही असतं. सगळं अंग पाण्यात नसल्यानं हृदयावर ताण कमी पडतो. वयस्कर मंडळींनी आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आधी तेच मागावं.

बुडबुड्यांमधून सुटलेला वायू पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगत असतो. म्हणून टबावर चादर किंवा झाकण घालतात आणि डोकं वर ठेवायला सांगतात. टबात घसरून हनुवटी पाण्याला टेकेल असं झोपू नका. साध्या हवेत हा वायू ०.०४ टक्के असतो. तीन-पाच टक्के झाला की डोकं दुखतं आणि धाप लागते, दहाच्या पुढे गेला तर मिनिटांत शुद्ध हरपते, आणि त्याला वास नसतो. डोकं जड वाटलं, श्वास भराभर व्हायला लागला की लगेच घंटीची दोरी ओढा. ‘उगाच कशाला त्रास द्यायचा’ हा आपला संकोच इथे नको.

पायरी ८: पिशवी आणि सुई

कोरड्या स्नानाला चेक भाषेत ‘सुखा’ म्हणतात. आपला ‘सुका’ आठवला की शब्द विसरत नाही, दोन्ही शब्दांचं मूळही एकच. सुती कपडे घालून पलंगावर पडायचं, प्लॅस्टिकची मोठी पिशवी चढवून वर पट्ट्यानं बांधतात, आतली हवा काढतात आणि नळीनं वायू सोडतात. कापडातून तो सहज जातो. थोड्या वेळानं आत दमट ऊब जाणवायला लागते. शेवटी वायू ओढून घेतात आणि मगच पिशवी सोडतात. स्वतः गाठ सोडायची नाही, नाहीतर सगळा वायू तोंडावर येईल.

हातांसाठी लहान पिशव्या असतील तर उत्तमच. नसतील आणि हात मोठ्या पिशवीत घेणार असतील तर पट्टा छातीवर घट्ट बसलाय ना ते बघा. मला टबापेक्षा हे जास्त मानवलं, कारण ओलं व्हायचं नाही की नंतर पुसताना गार पडायचं नाही.

सुईचा प्रकार ऐकायला भीतीदायक, प्रत्यक्षात किरकोळ. बारीक सुईनं कातडीखाली थोडा वायू सोडतात. तिथे जरा ताणल्यासारखं होतं, दाबलं तर चुरचुर आवाज येतो, आणि काही मिनिटांत शरीर तो शोषून घेतं. पहिल्याच वेळी मागू नका, डॉक्टरांनी सुचवलं तर घ्या. आपल्याकडच्या शहरांतली सौंदर्य-क्लिनिकं डोळ्यांखालच्या काळेपणासाठी असलीच इंजेक्शनं देतात. पांढऱ्या बोटांचं दुखणं घेऊन तिथे जाऊ नका.

पायरी ९: उपचारानंतरचा अर्धा तास

हात चोळून नव्हे, टिपून कोरडे करायचे. चादरीत गुंडाळून वीस-तीस मिनिटं पडून राहायचं. निफेडिपिनसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी विशेष जपायचं, कारण वाहिन्या दोन्हीकडून सैल झालेल्या असतात आणि झटकन उठलं की चक्कर येते. बसा, पाय खाली सोडा, मग उठा.

बाहेर पडण्याआधी हातमोजे चढवा, उन्हाळा असला तरी खिशात ठेवा. एक अंगठा आणि चार बोटांचा एकच कप्पा असलेले मोजे पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा उबदार असतात. मी एकदा मस्त गुलाबी हात घेऊन बाहेर आले आणि पायऱ्या उतरताना पावसानं भिजलेला लोखंडी कठडा धरला. दोन बोटं तिथेच पांढरी. हात गरम ठेवायचे तर नुसते हात झाकून भागत नाही. धड गार पडलं की शरीर आधी बोटांचंच रक्त कापतं. बंडी घाला, कान झाका.

पहिल्या आठवड्याच्या शेवटी अंग मोडून येणं, झोप झोप होणं, चिडचिड हे बऱ्याच जणांना होतं. तिथले डॉक्टर त्याला उपचाराची प्रतिक्रिया म्हणतात आणि एखादा दिवस सुट्टी देतात. ताप आला किंवा छातीत दुखलं तर मात्र ती प्रतिक्रिया समजून गप्प बसू नका.

पायरी १०: वही आणि घर

निघण्याआधी दोन आठवडे एक वही घाला. बोटं किती वाजता पांढरी पडली, किती मिनिटं राहिली, कशामुळे. उपचार चालू असताना लिहा, आणि परतल्यावर तीन महिने लिहा. ‘बरं वाटतंय’ हे सुट्टीवरून आल्यावर सगळ्यांनाच वाटतं. वहीतली मिनिटं कमी झाली नसतील तर दुसऱ्यांदा पैसे घालू नका. माझ्या पहिल्या खेपेनंतर वहीत काहीच फरक नव्हता. दुसऱ्या खेपेनंतर, म्हणजे हात आत ठेवल्यावर, पहिले दोन महिने झटके पूर्वीपेक्षा लवकर ओसरत होते. जानेवारीत पुन्हा पहिल्यासारखं.

घरी हा वायू तयार करायच्या फंदात पडू नका. बादलीत सोडा-लिंबू टाकून हात बुडवले तर फेस दिसतो, पण वायू वरच उडून जातो. ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला हाच वायू, तर घरात आणायचंच नाही: बंद न्हाणीघरात ते जीव घेऊ शकतं आणि हाताला लागलं तर कातडी जळते. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या, अंघोळीच्या पाण्यात टाकायच्या बुडबुड्यांच्या गोळ्या निरुपद्रवी आहेत, पण त्यांतून झऱ्याइतका वायू मिळत नाही.

झटका आला की साधा उपाय: पसरट भांड्यात कोमट पाणी घ्या, ते आधी कोपरानं तपासा, कारण बधिर बोटांना चटका कळत नाही. बोटं बुडवून ठेवा, रंग परत येईपर्यंत. आणि मटार काढायला घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी पाठवा.